अर्ध्या तिकिटाचे चाचा

खोली दाखवताना त्यांनी मला पगार विचारला नाही, आडनावावरून गाव काढलं नाही, पाहुणे किती येतात तेही विचारलं नाही. खिडकीची कडी दोनदा लावून दाखवली, नळ सोडून पाण्याची धार दाखवली आणि मग जिन्यात थांबून म्हणाले, "एक अट आहे मॅडम. दर रविवारी सकाळी दहाला खाली यायचं. मी काहीतरी वाचून दाखवतो. ते ऐकायचं."

मी जळगावातल्या एका शाळेत मराठी शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. नवऱ्याची नोकरी नाशिकला, मुलगी वसतिगृहात. रविवार सकाळ रिकामीच होती. मी म्हटलं, "चालेल."

"थांबा, पुरी अट ऐका. हसू आलं तर हसायचं. नाही आलं तर नाही हसायचं. मान ठेवायचा म्हणून हसायचं नाही. आधीचे भाडेकरू औषध कंपनीत होते. फार सज्जन माणूस. प्रत्येक वाक्याला हसायचे. दोन वर्षं माझं नुकसान झालं."

जळगावच्या पिंप्राळा भागातल्या त्या घरात मी चार वर्षं राहिले. कॉलनीतले सगळे त्यांना चाचा म्हणत आणि त्यांच्या बायकोला चाची. मीही तेच म्हणायला लागले. चाचा तेव्हा अडुसष्टचे असतील. उंच, मानेत थोडे वाकलेले, दाढी आखूड कापलेली. शर्टाच्या खिशात पेन नसे, सहा इंची स्टीलची पट्टी असे. धुळ्याच्या आयटीआयमध्ये बत्तीस वर्षं त्यांनी फिटरची विद्या शिकवली होती. जळगाव हे चाचींचं माहेर, म्हणून निवृत्तीनंतर घर इथे बांधलं. चाची बुटक्या, अंगाने भरलेल्या आणि चालायला नाखूश. "मेरेकू बैठने को बोलो, दिनभर बैठती," असं त्या स्वतःच सांगत.

चाचांचं लहानपण शिरपूरकडच्या एका खेड्यात गेलं होतं. तिथे उर्दू शाळा नव्हती, म्हणून ते मराठी शाळेत शिकले. घरी हिंदी, बाजारात अहिराणी आणि कागदावर मराठी, अशी त्यांची वाटणी होती. भाजीवालीशी घासाघीस करायची वेळ आली की ते मराठी सोडून चटकन अहिराणीवर येत. "अहिराणीत माणूस दोन रुपयांनी स्वस्त पडतो," असं त्यांचं म्हणणं.

रविवारचं वाचन पुढच्या खोलीत व्हायचं. मी बंगईवर बसायची. आमच्याकडे ज्याला झोपाळा म्हणतात त्याला इकडे बंगई म्हणतात, हे मला तिथेच कळलं. चाचा समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसत. ते लिहीत आयटीआयतल्या जुन्या ड्रॉइंगच्या पाठकोऱ्या कागदांवर, त्यामुळे त्यांनी कागद धरला की माझ्या बाजूला षटकोनी नट, पाने, पोलादी ठोकळे यांच्या मापांसकट आकृत्या दिसत. वाचताना डाव्या हातात लाल पेन्सिल. मी हसले की समासात बरोबरची खूण. हसू यायला हवं होतं आणि आलं नाही, तिथे गोल. वाचन संपलं की गोल मोजायचे, चहा प्यायचा आणि दुरुस्तीला बसायचं.

"विनोद म्हणजे फिटिंग आहे मॅडम," ते म्हणायचे. "सैल झाला तर खडखडतो. घट्ट झाला तर बसत नाही. हे बघा, इथे 'अचानक' जास्त झालाय. घासून काढतो."

घासून काढलेलं वाक्य ते दुसऱ्या रविवारपर्यंत थांबवून ठेवत नसत. संध्याकाळी मी वह्या तपासत असताना खालून पाण्याच्या पाइपावर स्टीलच्या पट्टीने दोन टकटक यायच्या. मी जिन्याच्या कठड्याशी गेले की खाली चाचा कागद घेऊन उभे. "आता ऐका." एक वाक्य. मी हसले तर मान हलवून आत जायचे. नाही हसले तरी मान हलवूनच आत जायचे.

हे सगळं त्यांना बासष्टाव्या वर्षी सुचलं होतं. नोकरीत असताना धुळ्याबाहेर जाणं म्हणजे नातेवाइकांची लग्नं आणि मयती. निवृत्तीनंतर एकदा दोघं चोपड्याला लग्नाला निघाली. गाडी पुढे शिरपूरला जाणारी होती. दोघांनाही झोप लागली, आणि जाग आली तेव्हा चोपडा मागे पडून तास होऊन गेला होता. लग्न गेलं, बिर्याणी गेली. बिर्याणीसाठी चाची सकाळपासून उपाशी. शिरपूरच्या स्टँडवर दोघांनी भजी खाल्ली आणि परतीच्या गाडीची वाट बघत तीन तास बसली. त्या तीन तासांत चाचींनी आजूबाजूच्या पाच बायकांचे संसार समजून घेतले. घरी आल्यावर दोन दिवस दोघं आठवून आठवून हसत होती. तिसऱ्या दिवशी चाचांनी ते लिहून काढलं आणि इथल्या एका दैनिकाला पाठवलं. रविवारच्या पानावर ते छापून आलं. तेव्हापासून महिन्यातून दोन प्रवास, दोन लेख.

प्रवास एसटीच्या लाल गाडीनेच. "मी म्हातारा म्हणून अर्धा, ही बाई म्हणून अर्धी," ते सांगायचे, "दोघांचं मिळून एक तिकीट होतं. मग एकच माणूस प्रवासाला निघालाय असं समजायचं." जिथे काही बघण्यासारखं आहे अशा ठिकाणी जायला ते तयार नसत. पारोळ्याला गेले, पण किल्ल्यापर्यंत गेले नाहीत. रसवंतीवर बसून आले. अजिंठ्याला एकदा भाच्यांच्या आग्रहाने गेले, तर चाची पायऱ्यांशीच थांबल्या. भाचे म्हणाले, चला ना, दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे. चाची म्हणाल्या, "पुरानी चीज देखने को इतना कायको चढना? घर में ये हैं ना." हे चाचांनी लेखात जसंच्या तसं घातलं होतं. महिनाभर कॉलनीत त्यांना कुणीही भेटलं तरी आधी पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळायचं.

गाडीत ती दोघं एका सीटवर बसत नसत. हे मला आधी खरं वाटलं नव्हतं. पण एकदा मीच त्यांच्याबरोबर धुळ्याच्या गाडीत होते. चाची पुढे, एका बाईशेजारी. चाचा दोन सीट मागे. मी तिकीट काढतानाही त्यांनी मला ओळख दाखवली नाही. एरंडोल जाईपर्यंत चाचींची शेजारीण बोलायला लागली होती. जावेचं, सासूचं, नव्या सुनेच्या मोबाइलचं. चाचा मागे बसून मांडीवरच्या कागदावर काहीतरी टिपत होते. पारोळ्याच्या अलीकडे ती बाई चाचींच्या कानाशी वाकून म्हणाली, "मागचा म्हातारा मघापासून आपल्याकडेच बघतोय. लिहितोय पण काहीतरी."

चाचींनी मागे वळून त्यांना नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "जाऊ द्या हो. घरी कोणी बोलत नसेल बिचाऱ्याशी."

मला खिडकीकडे तोंड करून बसावं लागलं. चाचांनी तेही लिहून घेतलं.

हे लेख कुठून येतात ते माझ्या लक्षात यायला तीन-चार महिने लागले. एका रविवारी चाचा अमळनेरच्या गाडीचं वाचत होते. एक बाई पिशवीत कोंबडा घेऊन चढते, कंडक्टर कोंबड्याचं अर्धं तिकीट मागतो, ती हुज्जत घालते. चाचा वाचत होते, "ती बाई म्हणाली, हा कोंबडा भावाकडे चाललाय, याला तिकीट कसलं?" मला काही हसू आलं नाही. पेन्सिलीने गोल काढला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून चाचींचा आवाज आला.

"ऐसा नही बोली वो."

"मग?"

"वो बोली, मी बाई म्हणून अर्धी, कोंबडा म्हणून हा अर्धा. मग कोंबडी आणली असती तर पाव लागलं असतं का?"

मी बंगईवरून पडायची राहिले. चाचांनी गोल पुसला आणि शांतपणे ते वाक्य लिहून घेतलं. त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले. बरोबरची खूण जिथे जिथे पडे, तिथलं वाक्य बहुतेक वेळा एक तर चाचींनी ऐकलेलं असे, नाही तर चाचींनी म्हटलेलं. चाचा ते मापात बसवत, आजूबाजूचं घासून काढत, शेवट कुठे तोडायचा ते त्यांना बरोबर कळे. पण गाडीतून घरी यायचं ते सगळं चाचींच्या कानांतून. चाची उर्दू चौथी शिकलेल्या. मराठी त्यांना वाचता येत नसे. छापून आलेला लेख त्या फोटो बघावा तसा बघत आणि म्हणत, "बडा दिखता है इस बार."

पुढे धुळ्याच्या एका वाचनालयाने चाचांना बोलावलं. छोटासा कार्यक्रम, शाल, नारळ, तीन लेखांचं वाचन. मीही गेले होते. शेवटी प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा एक गृहस्थ उठून म्हणाले, "तुमच्या लेखातली ती बायको तुम्ही फार छान रंगवता. खरी बायको तशी आहे का?"

चाचांनी तिसऱ्या रांगेकडे हात केला. सगळ्यांनी माना वळवल्या. चाचींनीही मागे वळून पाहिलं, जणू कुणी वेगळंच बसलंय, आणि शेजारच्या बाईला म्हणाल्या, "मी तर यांच्या बहिणीकडची पाहुणी आहे." सभागृहाला वाटलं चाचांचा नेम चुकला. लोक हसले, विषय संपला.

पण चाचांच्या मनातून तो गेला नाही. दोन दिवसांनी पाइपावर टकटक झाली. मी खाली पाहिलं तर हातात कागद नव्हता.

"मॅडम, तुम्ही मराठी शिकवता म्हणून विचारतो. हे चोरीत येतं का?"

"काय?"

"शाल माझ्या खांद्यावर आली. बोलणं तर हिचं आहे."

मी म्हटलं, लेखावर दोघांचं नाव द्या, किती सोपं आहे. ते तेच ठरवून बसले होते. फक्त घरात काढायचा धीर होत नव्हता. मला सोबतीला घेऊन ते आत आले. चाची शेंगा सोलत होत्या. चाचांनी सगळं सांगितलं, की पुढच्या लेखापासून तुझं नाव वर आणि माझं खाली.

चाचींनी शेंगा सोलणं थांबवलंही नाही. "नक्को," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून मराठीत, "बेटा, तूच सांग. नाव छापलं की फोटो छापतात. फोटो छापला की बायका म्हणतील, ही लिहिणारी आली. मग कोण बोलेल माझ्याशी? आणि कोणी बोललंच नाही तर हे लिहितील काय? झाडं?"

  शाल चाचांनी घडी करून कपाटात वर टाकली. थंडीत एकदा मी विचारलं तर म्हणाले, "ती पांघरली की टोचते."

त्याच वर्षी दिवाळीनंतर चाची पडल्या. इतक्या गाड्या चढल्या-उतरल्या, इतक्या स्टँडचे चढउतार पाहिले, आणि पडल्या त्या घराच्या ओट्यावरून, दारातली चप्पल आत घ्यायला वाकल्या तेव्हा. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, हळूहळू चालतील, पण घाई नको, आणि गाडीचा प्रवास तर इतक्यात नाहीच.

पुढच्या खोलीत बंगई काढून तिथे पलंग मांडला. पलंगाशेजारी चार पायांचा वॉकर. चाची पहिल्यांदा त्याला धरून उभ्या राहिल्या तेव्हा घामाने भिजल्या होत्या, आणि दोन पावलांवर परत बसल्या. दुखण्यापेक्षा त्या घाबरल्या होत्या. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी रोज सांगे, आजी, हाड जुळलंय, आता पाय टाका. त्या हो म्हणत आणि ती गेली की पडून राहत. बोलणंही कमी झालं. चाचा त्यांच्या अवतीभवती अगदी मऊ आवाजात वावरायचे. "चाय दूँ? तकिया ठीक है? पंखा कम करूँ?" दोघांचं सततचं तोंडाला तोंड घर भरून असायचं. ते थांबल्यावर मला वर माझ्या खोलीत भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं.

दीड-दोन महिन्यांनी चाचीच म्हणाल्या, "तुम जाओ. एक जन घर में सड़े तो बस है." दिवसभर मी त्यांच्याजवळ बसायचं ठरलं. चाचा एकटे शिरपूरला आणि तिथून वर सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावाला जाऊन आले. रविवारी वाचन झालं. मी खुर्चीत, चाची पलंगावर उशीला टेकून.

लेखात डोंगर होते. डोंगरांवर धुकं होतं. सूर्य होता आणि तो अस्ताला जात होता. कापसाची पांढरी शेतं होती आणि त्यांना मोत्यांची उपमा होती. चाचा वाचत गेले. मी हसले नाही, कारण हसण्यासारखं काही नव्हतं, आणि अट अटच होती.  चार पानं वाचून झाली आणि समासात एकही खूण नव्हती, ना बरोबर, ना गोल.

"झाडं आली," चाचा म्हणाले.

त्यांनी ती पानं पुन्हा हातात घेतली नाहीत. दैनिकातून फोन आला तेव्हा डोळ्यांचं काहीतरी कारण सांगितलं. पुढे पाच-सहा रविवार मी खाली गेले की आम्ही नुसता चहा प्यायचो. एकदा न राहवून चाचा म्हणाले, "मी गाडीत बसतो, मॅडम. शेजारच्याला विचारतो, कुठले, काय करता, मुलं किती. लोक उत्तरं देतात. पण बोलत नाहीत."

पलंगावरून चाची बोलल्या. बऱ्याच दिवसांनी त्यांचा तो स्वयंपाकघरातला आवाज मी ऐकला.

"पूछते कायको? तुम पूछते तो परीक्षा लगती. मास्तर हो ना."

"फिर तू क्या करती है?"

"मैं अपना रोना रोती. पैर दुखते, बहू सुनती नही. आपलं आधी सांगायचं. मग समोरच्याचं येतं."

"आपली सून आहे कुठे?" चाचा म्हणाले. त्यांना मूलबाळ नव्हतं.

"वो मैं बना लेती," चाची म्हणाल्या.

चाचांना सून बनवता येईना. खोटं बोलताना त्यांची मान खाली जाते. शेवटी चाचीच म्हणाल्या, "मेरा पैर टूटा, वो तो सच है ना? वो बोलो."

पुढच्या आठवड्यात चाचा पुन्हा शिरपूरच्या स्टँडवर गेले. या वेळी कुठेही पुढे गेले नाहीत. सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत एका बाकावर बसले. परत आले ते दोन पिशव्या घेऊन. एकीत कसली तरी वेल, दुसरीत डिंक, एरंडाची पानं आणि वर्तमानपत्रात बांधलेली आंबेहळद.

शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी सांगितलं होतं, बायकोचं खुब्याचं हाड मोडलं. एवढं म्हणताना, ते सांगत होते, त्यांचा आवाज मधेच गेला. तीन-साडेतीन महिने घरात त्यांनी हे वाक्य कुणासमोर उच्चारलंच नव्हतं. म्हातारा बोरवाडीकडचा. त्याने पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "आंबेहळद लाव भो, बठ्ठं बरं व्हई जाई." सगळं बरं होईल म्हणे. पलीकडची बाई म्हणाली, हळदीने काय होतंय, हाडजोडीची वेल पाहिजे. तिसरा म्हणाला, बकरीचा पाया उकळून प्या. मग बाक भरला. चहावाला आला. एक निवृत्त ड्रायव्हर आला. त्याचा सल्ला असा, की बाईंना पुन्हा गाडीत बसवाल तेव्हा मागच्या चाकावर बसवू नका. एका कॉलेजच्या मुलीने मोबाइलवर व्यायाम दाखवले. एकाने सांगितलं, घराचं दार चुकलंय, दार फिरवा. अकरा माणसं, अकरा उपाय, आणि प्रत्येकाचं आपापलं मोडलेलं हाड. कुणाचं विहिरीत, कुणाचं बैलाने, एकाचं स्वतःच्याच लग्नात घोड्यावरून.

हे सगळं चाचांनी लिहिलं आणि रविवारी वाचलं. घोड्यावरून पडलेल्या नवरदेवाला तसाच बोहल्यावर उभा केला आणि दोन्ही बाजूंनी दोन मेहुणे धरून होते, तिथे मी पहिल्यांदा हसले. दार फिरवणाऱ्याशी चहावाल्याचं भांडण लागलं तिथे चाची हसल्या. आधी नुसता श्वास सुटल्यासारखं, मग पोट धरून. पाय दुखतो म्हणून कण्हत कण्हत हसत होत्या. चाचा वाचायचे थांबले. खूण करायचंही विसरले.

"आगे पढो ना," चाची म्हणाल्या.

शेवटचा उपाय एका सावद्याकडच्या बाईचा होता. केळीच्या बागा असलेल्या घरातली, शिरपूरला लेकीकडे आलेली. तिने चाचांचं सगळं ऐकून घेतलं होतं आणि विचारलं होतं, "घरी गोड बोलत असाल तुम्ही तिच्याशी?" चाचा हो म्हणाले. ती म्हणाली, "ते बंद करा. आजारी माणसाशी सगळे गोड बोलायला लागले की त्याला वाटतं आपलं काही खरं नाही. रोज एकदा तरी भांडा."

चाचांनी कागद खाली ठेवला. पलंगाकडे पाहिलं. "तू ये तकिया गलत लगाती है," ते म्हणाले. "इसीलिए गर्दन दुखती. कितनी बार बोला."

"तुमने लगाया था," चाची म्हणाल्या.

"मैंने सीधा लगाया था. तूने खींचा."

अर्धा तास चालू होतं. मी हळूच वर निघून आले.

लेख छापून आला आणि लोकांना आवडला. मला विचाराल तर चाचांचा पहिला खरा लेख तो. त्यात चाचींचं एकही वाक्य नव्हतं.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी, एका दुपारी, फाटकाशी रिक्षा थांबली. हातात केळ्यांच्या तीन फण्या घेऊन एक बाई उतरली. नऊवार, कपाळावर मोठं कुंकू, वय साठीच्या पुढचं. सावद्याची ती बाई. चाचांनी स्टँडवर पिंप्राळ्याचं आणि आयटीआयचं नाव घेतलं होतं. तिने इथे येऊन आयटीआयवाले चाचा कुठे राहतात असं तीन ठिकाणी विचारलं होतं. चाचा दारात आले तर तिने नमस्कारही केला नाही. "भांडता का?" तिने विचारलं.

"रोज," चाचा म्हणाले.

"बरं मग," म्हणून ती सरळ आत गेली आणि पलंगावर चाचींच्या पायाशी बसली.

तो शनिवार होता, मला अर्धा दिवस शाळा होती. मी चहा केला. चहा होईपर्यंत त्या दोघी एकमेकींना अगं-तुगं करायला लागल्या होत्या. बाईने आधी आपल्या गुडघ्यांचं सांगितलं, चाचींनी खुब्याचं. मग लेकीचं निघालं. लेकीची सासू चांगली होती आणि तीच अडचण होती. लेक माहेरी यायलाच तयार नसे. "मले म्हणे, आई, इथे बरं वाटतं. आता सांग, याला काय म्हणायचं?" बाई हसत होती आणि पदराने डोळेही टिपत होती. चाची मधेमधे "हौ", "फिर?" एवढंच म्हणायच्या. चाचा आतल्या खोलीत दाराआड बसले होते. मला वाटलं लिहून घेत असतील.

चार वाजता बाईची गाडीची वेळ झाली. ती उठली, पण गोष्ट मधे होती. दिवाळीत लेकीची सासू स्वतःच सावद्याला येऊन आठ दिवस राहिली होती, आणि त्या आठ दिवसांत काय झालं ते सांगायचं होतं. बाई सांगत सांगत दाराकडे निघाली. चाचींनी तिचा दंड धरला आणि त्याही निघाल्या. खोली ओलांडली. ओट्याच्या दोन पायऱ्या, एक हात बाईच्या दंडावर आणि एक भिंतीला. मग अंगण. "फिर उसने क्या बोला?" असं विचारत फाटकापर्यंत. मी चहाचे कप हातात घेऊन उभी होते. वॉकर पलंगाशेजारी तसाच उभा होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात आतल्या दारातून चाचांनी माझ्याकडे बघून बोट ओठांवर ठेवलं.

रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत चाची फाटकाशी हसत उभ्या होत्या. मग त्या वळल्या. घर लांब दिसलं असावं. त्यांनी हात बाजूला नेला, तर धरायला काही नव्हतं. फाटकाची दांडी त्यांनी दोन्ही हातांनी पकडली.

"किसी ने बोला क्यों नही?" त्या म्हणाल्या.

"बोलता तो तू रुक जाती," चाचा म्हणाले. ते अंगणातून चालत फाटकाशी गेले आणि त्यांनी खांदा पुढे केला. दोघं परत आली, फार हळू. खांदा फार उंच आहे, नीट वाका, असं चाची म्हणत होत्या, आणि वाकलो तर माझी कंबर जाईल, मग दोन पलंग लागतील, असं चाचा.

पुढचे दोन रविवार मी वाट पाहिली. सावद्याची बाई, चांगली सासू, फाटक, एवढं सगळं हाताशी असताना लेख येईल असं मला वाटत होतं. तिसऱ्या रविवारी मी विचारलंच. चाचा चहा ओतत होते. चाची आत स्वयंपाकघरात, भिंतीला टेकून, भाजी फोडणीला टाकत होत्या.

"तो लिहिला नाही मॅडम," ते म्हणाले. "मी दाराआड बसून हिलाच बघत होतो. बाकीचं काही ऐकलंच नाही."